तिकीट स्वस्तच असतं, पैसे जातात ते स्टेशनच्या बाहेर

तुझा प्रश्न मला समजला तो असा: चौघं जण, दोघी आणि दोघे, सगळ्यांची पहिलीच नोकरी. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मुंबईहून निघायचं, मंगळवारी सकाळी परत कामावर. माणशी सहा हजारांची काँट्री. आणि ग्रुपवर आठवडाभर गोवा की मनाली एवढाच वाद चाललाय.

मनाली आधी खोडून टाका. तीन दिवसांत ती रेल्वेने होत नाही. दिल्ली किंवा चंदीगडपर्यंतचा प्रवास आणि पुढे रात्रभराची बस, तीही दोन्ही बाजूंनी, म्हणजे डोंगर बघायला उरणार एक दुपार. विमानाने गेलात तर सहा हजार तिकिटातच संपतील. मनालीसाठी आठ-नऊ दिवसांची रजा साठवा, तेव्हा मी स्वतः बसून आखणी करून देईन.

आता गोवा. माझं गोव्याशी भांडण नाही, पण कमी पैशांत फिरणाऱ्याला तिथे जो फटका बसतो तो सगळीकडेच बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिल्या नोकरीच्या वर्षी आम्ही पाच जण गेलो होतो. स्लीपरचं तिकीट स्वस्त, खोली स्वस्त, आम्ही खूश. खोली स्वस्त का होती ते उतरल्यावर कळलं. ती किनाऱ्यापासून चांगली सात-आठ किलोमीटर आत होती, आणि संध्याकाळी सातनंतर तिकडे बस नाही. तीन दिवसांत टॅक्सीवर जेवढे पैसे गेले तेवढे रेल्वे आणि खोली मिळूनही गेले नव्हते. परत आल्यावर वहीत हिशोब मांडला तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. तेव्हापासून मी कुठलंही ठिकाण एकाच प्रश्नावर तोलते: गाडीतून उतरल्यावर शेवटचे तीस किलोमीटर कसे जाणार, आणि पोचल्यावर पायी किती फिरता येईल?

ही फूटपट्टी लावलीत की तुमच्या तारखांना सगळ्यात चोख बसतं ते मालवण. शुक्रवारी रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या पकडा, सकाळी कुडाळला उतरा. स्टेशनाबाहेर रिक्षावाले 'मालवण, मालवण' करत घेरतील, त्यांना हसून नाही म्हणा आणि एसटी स्टँड गाठा. लाल डबा तासाभरात मालवणात सोडतो. तुम्हा दोघींना महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट, २०२३च्या मार्चपासून ते चालू आहे. मुलांनी पूर्ण भरावं, तेवढंच पुण्य.

मुक्काम मालवण गावातच करा, तारकर्लीत नको. सगळे तारकर्लीला राहतात कारण फोटो तिथले दिसतात. पण गावात राहिलं की बाजार, बंदर, चिवला बीच, रॉक गार्डन सगळं चालत होतं आणि रात्री जेवून परत येताना रिक्षाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर आहे, एक सकाळ एसटीने किंवा शेअर रिक्षाने जाऊन या. सिंधुदुर्ग किल्ल्याला बंदरावरून होड्या सुटतात. होडीवाला किल्ल्यावर साधारण तासभर देतो आणि तो पुरत नाही, म्हणून सकाळची पहिली होडी धरा आणि जास्त वेळ थांबायचंय हे चढतानाच ठरवून घ्या. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर हे बांधकाम सुरू केलं. चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्या बघितल्याशिवाय होडीत चढू नका. पावसाळ्यात होड्या बंद असतात, वॉटर स्पोर्ट्सही बंद. शिवाय जून-जुलैत मासेमारीला बंदी, म्हणजे ताटातला ताजा मासा गेला. ऑक्टोबरनंतर जा.

खर्चाचा अंदाज देते. आकडे माझ्या गेल्या डिसेंबरातले आहेत, थोडे वर-खाली धरा. स्लीपरने जाऊन-येऊन माणशी हजाराच्या आत. घरगुती होमस्टेत चौघांना मिळून एक मोठी खोली, एसी नको म्हटलं तर, रात्रीला दोन हजारांच्या आसपास. दोन रात्रींचे माणशी हजार. जेवणात खरी बचत आहे: सुरमई-पापलेटच्या थाळीकडे न बघता बांगडा मागवा. निम्म्याच्या जवळपास किंमत पडते, आणि मालवणात बांगडा खाल्ला नाही तर गेलात कशाला? सोलकढी बऱ्याच ठिकाणी थाळीतच मिळते. नाश्त्याला बाजारात उसळ-पाव किंवा घावणे-चटणी. होडी, एसटी, एखादं स्नॉर्केलिंग धरूनही साडेचार-पाच हजारांत माणूस परत येतो. उरलेले खिशात ठेवा, कारण काहीतरी चुकतंच.

काय चुकतं? कोकणकन्या नाही मिळाली म्हणून आमच्यातल्या एकाने दादरहून सुटणारी तुतारी काढली होती. ही गाडी मध्यरात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं म्हणजे तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं, त्याने काढलं शुक्रवारचं. आम्ही शुक्रवारी रात्री साडेअकराला दादरला ऐटीत पोचलो, तेव्हा आमची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली होती. जनरल डब्यात उभ्याने चिपळूणपर्यंत गेलो. तो मित्र आता दोन मुलांचा बाप आहे, पण तिकीट काढायचं काम त्याला अजून कोणी देत नाही.

आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं (२०२४च्या नोव्हेंबरपर्यंत एकशे वीस होते). कोकणच्या गाड्यांना लाँग वीकेंड असेल तर पहिल्याच दिवशी सकाळी आठला बसा. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसी दहाला, स्लीपर अकराला, आणि आता त्यासाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते आजच करून ठेवा, अकराला पाच कमी असताना ओटीपी येत नाही. आरएसी मिळालं तर रद्द करू नका, चढता येतं आणि अर्धी सीट तरी असते. काहीच नाही मिळालं तर सकाळची दिवा-सावंतवाडी आहे. तिच्या जनरल डब्याला आरक्षण लागत नाही, तिकीट अगदी किरकोळ, आणि ती दिवसभर थांबत थांबत जाते. एकदा आयुष्यात जरूर करा, पण तीन दिवसांच्या सुट्टीत नको. आणि गणपतीच्या आसपास हा बेत आखूच नका. त्या आठवड्यात मालवणचा मूळ माणूसही दरवाजाला लटकून जातो.

होमस्टेबद्दल एक गोष्ट कोणी उघड सांगत नाही. मुलं-मुली एकत्र असा ग्रुप असेल, किंवा नुसती मुलं असतील, तर कोकणात बरेच घरमालक का-कू करतात. त्यांचंही चुकत नाही, रात्री दोनपर्यंत स्पीकर लावून बसलेली टोळकी त्यांनी पाहिलेली असतात. ॲपवर बुक करून थेट दारात उभं राहण्यापेक्षा आधी फोन करा, मराठीत बोला, कोण-कोण आहोत, किती वाजता येऊ, जेवण घरीच घेऊ का ते सांगा. माझा अनुभव असा की 'काकू, जेवण तुमच्याकडेच करू' म्हटलं की अर्धी अडचण तिथेच मिटते. चौघांचीही मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा, मोबाईलमधला फोटो सगळीकडे चालत नाही.

मालवण कोणी आधी केलं असेल तर छत्रपती संभाजीनगर. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस आहे. इथे वारांचा घोळ सांभाळा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. तुमचे दिवस शनिवार ते सोमवार, म्हणजे शनिवारी अजिंठा, रविवारी किंवा सोमवारी वेरूळ आणि वाटेत दौलताबाद. उलटं केलंत तर शंभर किलोमीटर जाऊन कुलूप बघाल. अजिंठ्यासाठी एसटीने फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उतरायचं, तिथून लेण्यांपर्यंत वेगळी बस असते. टॅक्सीवाला दिवसाचं भाडं सांगेल ते ऐकून घाबरू नका, एसटीने सगळं होतं. लेण्यांचं तिकीट आपल्याला चाळीस रुपये. वेरूळला चौतीस लेणी आहेत, पण कैलास, म्हणजे सोळा नंबर, शेवटी ठेवू नका. उन्हात पाय गेले की तो डोंगर कसा वरून खाली कोरला ते कळायची ताकद उरत नाही.

हंपी माझी सगळ्यात आवडती, पण तुमच्या तारखांत ती घाईची होईल. मंगळवारची रजा मिळाली तरच जा. सीएसएमटीहून सोलापूर-गदगमार्गे रात्रीची गाडी थेट होसपेटेला जाते, तिथून हंपी तेरा किलोमीटर, बस भरपूर. हंपी बाजारात राहिलं की विरुपाक्ष मंदिर दाराशी, नदीकाठाने चालत विठ्ठलमंदिर, लांबच्या वास्तूंना भाड्याची सायकल. त्या विठ्ठलमंदिरात दगडी रथ आहे, पन्नासच्या नोटेवरचा, पण विठ्ठल नाही. कृष्णदेवरायाने पंढरपूरहून नेलेली मूर्ती एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी परत आणली अशी आपल्याकडची कथा. रिकाम्या गाभाऱ्यापुढे ती आठवली की मुंबईचा माणूसही दोन मिनिटं गप्प बसतो. मार्च ते मे मात्र तिथले दगड तापतात, तेव्हा नको.

आणि गोवाच करायचा हट्ट असेल तर पणजीत राहा. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने जुनं गोवं होतं, फेरीबोटीने चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. स्कूटर घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी दोनशे रुपये स्वस्त पडते आणि पोलिसांनी अडवली की दंडात वसूल होते.

मोठ्या ट्रिपआधी एक रंगीत तालीम करा. कसारा लोकल, पुढे शेअर जीपने बारी गाव, कळसूबाई चढून दुसऱ्या दिवशी घरी. १६४६ मीटर, हजार रुपयेही लागत नाहीत. कोण पहाटे उठत नाही, कोण दर दोन तासांनी कॅफे शोधतं, कोण पैसे द्यायच्या वेळी बाथरूमला जातं, हे सगळं त्या दीड दिवसात कळतं. मग खजिनदार निवडायला सोपं जातं.

मालवणहून परतीला सोमवारी संध्याकाळची कोकणकन्या घ्या, पहाटे ठाण्याला उतरून अंघोळ करून ऑफिस गाठता येतं. मालवणच्या बाजारातून खाजं (बेसन-गुळाचा गोड खाऊ) नक्की आणा, टिकतं आणि ऑफिसात वाटता येतं. सुके बोंबील घेणार असाल तर तीन पिशव्या घालून गाठ मारा. आम्ही एकच घातली होती, आणि रत्नागिरीपर्यंत समोरच्या बर्थवरच्या आजी नाकाला पदर लावून आमच्याकडेच बघत होत्या.