माझ्याकडे २०१३ ची टोयोटा कॅमरी हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी) आहे, पुण्यात असतो. बॅटरी घरीच तपासून पुन्हा चालती करता येईल का?
तपासा जरूर, बॅटरीचा पॅक मात्र उघडू नका. आधी मागच्या सीटजवळची, बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी साफ करा. आपल्याकडची धूळ आणि एप्रिल-मेचं ऊन बॅटरीला फार छळतं. मग ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं यंत्र) लावून सिंहगडाचा घाट चढा, शेजारी बसलेल्याला ब्लॉकांचं (बॅटरीतल्या मॉड्यूलांच्या, म्हणजे सेलच्या संचांच्या, जोड्यांचं) व्होल्टेज बघायला सांगा. एकच ब्लॉक सतत व्होल्टभर खाली येत असेल तर त्यातलं मॉड्यूल गेलंय.

चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी या निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या बॅटरीला थोडी उभारी येते, मेलेला सेल उठत नाही. आणि ३४ मॉड्यूल मिळून सुमारे २४५ व्होल्ट डीसी! सर्व्हिस प्लग (पॅकचं सर्किट तोडणारा प्लग) काढला तरी जोडलेल्या मॉड्यूलांत जीवघेणं व्होल्टेज राहतं. ते काम हायब्रिड शिकलेल्या मेकॅनिककडेच द्या.