कोल्हापुरात सहा घरांनी मिळून हौसेखातर मधमाश्या पाळता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फुलेवाडीत तुमची सहा घरं आहेत, मागे सामाईक मोकळी जागा आहे, तिथे चार पेट्या ठेवायच्या आहेत, सुरुवात कशी करावी आणि मध किती निघेल?

पाळता येतील, पण मधाचा हिशोब सध्या बाजूला ठेवा. आपल्याकडे नवशिक्यांच्या वसाहती (एका पेटीतला राणीसह सगळा माश्यांचा समूह) हातच्या जातात त्या बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेवढे चार महिने वसाहत तगवता आली, तर पुढच्या उन्हाळ्यात मध मिळतोच. म्हणून पुढचं सगळं पावसाळा डोळ्यांपुढे ठेवूनच लिहितो आहे.

माशी सातेरीच घ्या, म्हणजे आपली देशी, पेटीत पाळता येणारी जात. मेलिफेरा ही परदेशी जात मध जास्त देते, पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे हलवत राहाव्या लागतात. तुमच्या पश्चिमेला नजर जाईल तिथवर ऊस, आणि उसात माशीला मकरंद नाही. सातेरी थोडक्यात भागवते आणि साधारण किलोमीटरभराच्या आतच फिरते. पेटी आणण्याआधी तेवढ्या परिसरात एकदा पायी फिरून या: नारळ, शेवगा, करंज, कडुनिंब, जांभूळ, लिंबू किती आहेत ते वहीत लिहा. फारच थोडी झाडं भरली, तर पेट्या आणण्याआधी रोपं लावायला लागा. आग्या मोहोळाच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नका, ती माशी पेटीत राहत नाही.

चार पेट्या नकोत, एकच पेटीही नको, दोन घ्या. एकीची राणी मेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची चौकट (पोळं बांधलेली, काढता-घालता येणारी लाकडी फ्रेम) तिच्यात घालता येते आणि माश्या त्यातूनच नवी राणी घडवतात. एकच पेटी असेल तर हा मार्ग बंद होतो.

खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. मे महिन्यातली भरलेली पेटी देखणी दिसते, पण ती घरी येऊन रुळेपर्यंत पाऊस सुरू होतो. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली राज्यातलं पहिलं ‘मधाचे गाव’ झालं, त्यानंतर आपल्या भुदरगड तालुक्यातलं पाटगाव. त्या पट्ट्यातले मधपाळ पिढीजात जाणकार आहेत. एक दिवस तिकडे जाऊन पेटी उघडताना नुसतं बघा, दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल. घेताना आठांपैकी निदान पाच चौकटी माश्यांनी झाकलेल्या हव्यात. राणी शोधत बसू नका, अंडी शोधा. सूर्याकडे पाठ करून चौकट उभीच धरा (आडवी केली की नवं, मऊ पोळं तुटून पडतं) आणि पोळ्यातल्या षटकोनी घरांच्या तळाशी बघा. अंडं म्हणजे बारीक पांढरी काडी. पहिल्या दिवशी ताठ उभी, तिसऱ्या दिवशी आडवी पडलेली. उभी अंडी दिसली म्हणजे राणी काल-आजच तिथे अंडी घालून गेली आहे, म्हणजे ती पेटीत आहे. एकेका घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी पडलेली दिसली, तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालतायत. ती पेटी घेऊ नका. वाहतूक रात्री, दारावर जाळी ठोकून.

पेटी दोन फूट उंच घोडीवर (चार पायांच्या स्टँडवर) ठेवा, चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या चढतात. दार पूर्वेला, पेटी किंचित पुढे कललेली, म्हणजे पाणी आत साचत नाही. दोन पेट्यांत सहा फूट अंतर. दारासमोर चार-पाच फुटांवर मेंदीचं उंच कुंपण असलं तर माश्या वर उठून उडतात, पोरांच्या तोंडावर येत नाहीत. घराचा दिवा दारावर पडू देऊ नका, रात्री माश्या दिव्याकडे येतात.

आता पावसाळा. पावसात फुलोरा नसतो, राणी अंडी कमी करते, माश्या घटतात आणि मागची पोळी उघडी पडतात. त्या उघड्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. त्याच्या अळ्या मेणातून बोगदे काढत जाळी विणत जातात. सातेरी त्या जाळीशी फार झुंजत नाही, सरळ पेटी सोडून उडून जाते. मग लोक म्हणतात, ‘माश्या रुसल्या.’ उपाय एकच आणि तो जूनच्या आधी करायचा: माश्या जेवढ्या चौकटी झाकतात तेवढ्याच आत ठेवा, चार तर चार, आणि शेजारी फळी घालून जागा आवळा. काळी पडलेली जुनी पोळी काढून मेण वितळवा. चांगलं पोळं जपायचं असेल तर दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवून मग घट्ट बंद करा. दर दहा दिवसांनी, उघडीप बघून, तळपाट (पेटीची तळाची फळी) खरवडा. त्यावर काळे दाणे आणि जाळीचे धागे दिसले तर किडा आत आहे.

खाऊ घालायचं ते साखरेचं पाणी, 1 लिटर पाण्याला 1 किलो साखर, गार करून. पेटीमागे 200 ते 250 मिली, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळीच, दोन्ही पेट्यांना एकाच वेळी. दिवसा दिलं किंवा सांडलं, की दांडगी वसाहत दुबळीला लुटते. वाटीत काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. कोल्हापूर म्हटल्यावर गुळाचं पाणी द्यायचा मोह होणारच, पण देऊ नका. माश्यांना हगवण लागते.

गुळावरून आठवलं: हंगामात जवळ गुऱ्हाळ असेल तर माश्या काकवीवर जातात, कित्येक त्यातच मरतात, आणि जो रस पेटीत आणतात तो मध नव्हे. त्या महिन्यांत पोळी भरली तरी काढू नका, माश्यांनाच राहू द्या.

पिल्लं (अळ्या) पिशवीसारखी फुगून पोळ्यातल्या घराच्या तोंडाशी डोकं वर करून मेलेली दिसली तर तो थाई सॅकब्रूड, पिल्लांचा विषाणूजन्य रोग. त्याला औषध नाही. त्या पेटीची चौकट दुसरीत घालू नका, हत्यारंही वेगळी ठेवा.

मुख्य बहराआधी पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीघरं लोंबू लागली, की वसाहत फुटणार, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन उडून जाणार. तेव्हा आठवड्याला पेटी बघा. तिसरी पेटी हवी असेल तर तीच विभागणीची वेळ.

मध एप्रिल-मेमध्ये, फक्त मधकोठीतला (पेटीच्या वरच्या कप्प्यातला), आणि तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावरच. कच्चा मध आंबतो. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. खालच्या, पिल्लांच्या कोठीतल्या मधाला हात लावू नका, ते पावसाळ्याचं धान्य आहे. पहिल्या वर्षी काहीच न निघालं तरी चालेल. पुढे पेटीमागे 5 किलो निघाले तरी मी समाधानी असतो. सहा घरांत एकच मधयंत्र (चौकटी फिरवून मध काढायचं यंत्र) पुरतं.

पेटी उघडणारे दोघेच ठरवा. रोज वेगळा माणूस डोकावला की माश्या बिथरतात. धुराला शेणीचा तुकडा आणि नारळाच्या शेंड्या, दोन-तीन झोत पुरे. प्रत्येक पेटीची वही ठेवा: तारीख, अंडी, चौकटी, खाऊ.

आणि पेट्या यायच्या आधी सहाही घरांत विचारून घ्या, कुणाला पूर्वी डंखाने अंगभर गांधी उठल्या होत्या का, श्वास लागला होता का. असं कुणी असेल तर पेट्या तिथे ठेवू नका. इतरांनी डंख नखाने लगेच खरवडून काढावा. नंतर दम लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.