‘दिसायला तर ठणठणीत आहेस’

प्रश्न : मी 34 वर्षांची असून अकोला जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागले आणि एमआरआयनंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. औषधे नियमित घेते, तरीही एप्रिल-मेमध्ये दुपारी पाय जड होतात आणि फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात. संध्याकाळी गारवा आला की बरे वाटते. घरच्यांना ही टाळाटाळ वाटते. ‘दिसायला तर ठणठणीत आहेस,’ असे सासूबाई म्हणतात. हा आजार असलेली दुसरी एकही व्यक्ती माझ्या माहितीत नाही. रुग्णांच्या गटात जावे का? तेथे व्हीलचेअरवरची माणसे पाहून धीर खचेल, अशी भीती वाटते.
– एक वाचक

उत्तर : आधी दुपारच्या त्रासाविषयी. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते आणि ज्या तंतूंचे आवरण विरले आहे, त्यांच्यातून जाणारे संदेश शरीराचे तापमान किंचित वाढले तरी अडखळतात. व्यायामानंतर रुग्णांची नजर काही वेळ मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 साली नोंदवले. श्रमाने वाढणारी शरीराची उष्णता त्यामागे असते, हे पुढे कळले. एमआरआय नव्हते त्या काळात रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदानाला पुष्टी मिळवत असत, ही गोष्ट सासूबाईंना जरूर सांगावी. गारव्यात ओसरणारा हा त्रास म्हणजे आजाराचा नवा झटका नव्हे. मात्र नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले, तर थंडाव्याची वाट न पाहता आपल्या न्यूरॉलॉजिस्टना कळवावे.

गटात अवश्य जावे, असे माझे मत आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून काम करीत असून मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. अकोल्याहून प्रत्यक्ष जाणे जमले नाही, तरी फोनवरून सुरुवात करता येईल. अशाच एका बैठकीत एका बाईंनी बोलता बोलता पिशवीतून ओला पंचा काढून मानेभोवती गुंडाळला आणि वाक्य पुढे चालू ठेवले. कोणी वळूनही पाहिले नाही. शेजारच्या गृहस्थांनी पंचा रात्री फ्रीजमध्ये कसा ठेवावा हे सांगितले, मग चर्चा लांबच्या प्रवासात लघवी आवरत नाही या विषयाकडे वळली, जो दवाखान्यातल्या दहा मिनिटांत बहुतेकांच्या ओठांवर येत नाही. औषधांविषयीचा सल्ला मात्र तेथे ऐकावा आणि डॉक्टरांना विचारूनच अमलात आणावा, कारण एकाच निदानाच्या दोन रुग्णांचा आजार क्वचितच सारखा चालतो.

व्हीलचेअरची भीती मी खोटी म्हणणार नाही. तेथे ती दिसेल; पण वीस वर्षे हा आजार घेऊन बँकेत किंवा शेतात काम करणारी, चालत आलेली माणसेही भेटण्याची शक्यता आहे, आणि व्हीलचेअरवरची व्यक्ती बहुधा मुलीच्या लग्नाची खरेदी किंवा लोकलमधली गर्दी यांविषयीच बोलत असते.

नोकरीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत या आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. कायद्याचे अनेक लाभ 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळतात. तपासणीला जाताना एमआरआयचे अहवाल आणि डॉक्टरांची जुनी टिपणे सोबत न्यावीत, कारण थकवा आणि नजरेचा त्रास त्या दिवशी वरवर दिसेलच असे नाही. दुपारचे तास सकाळी मिळावेत, असा अर्ज मुख्याध्यापकांकडे आताच द्यावा.

पहिल्या बैठकीला जमल्यास सासूबाईंना घेऊन जावे. तिथे इतर रुग्णांच्या घरची माणसेही येतात. मात्र बैठक भर दुपारी ठेवली असेल, तर वेळ बदलून मागायला संकोचू नये.