घराच्या मागच्या अंगणात गंजलेला बार्बेक्यू स्मोकर मिळाला आहे. दुरुस्त करून वापरता येईल की भंगारात द्यावा?

भंगारात द्यायचा निर्णय पत्र्याची जाडी मोजल्याशिवाय घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की डॅलसजवळ घर घेतलं आणि आधीच्या मालकाने बाजूला फायरबॉक्स, म्हणजे लाकडं जाळायची पेटी, असलेला मोठा स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची लोखंडी भट्टी, मागे तसाच सोडला. बाहेरून तांबूस, आतून पापुद्रे सुटलेले, फायरबॉक्सच्या तळाला बोट जाईल एवढं भोक. यात शिजवलेलं मुलांना चालेल का, हीही काळजी आहे. मी ह्यूस्टनकडे राहतो. इथल्या दमट हवेत लोखंड गंजायला निमित्तच लागत नाही, त्यामुळे हे काम माझ्या चांगलंच हाताखालून गेलेलं आहे.

झाकणाच्या कडेला व्हर्नियर लावा. पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास जाडी निघाली तर तुमच्या हाती चांगला माल लागलाय. टेक्सासमध्ये तेलविहिरींच्या कामातून उरलेल्या जाड पाइपचे स्मोकर बनवणारे वेल्डर होते आणि आजही आहेत. तशा घडणीचा नग नवा घ्यायचा तर हजारांत डॉलर जातात. जाडी दीड-दोन मिलिमीटरच असेल तर तो दुकानातला हलका स्मोकर. त्याच्या फायरबॉक्सची चाळण झाली असेल तर तिथे मेहनत घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

गंजाकडे बघून घाबरायला होतं, कारण गंज फुगतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. तेव्हा मोठा पापुद्रा निघाला म्हणजे तेवढं सगळं लोखंड गेलं असं नाही. छोटी हातोडी घ्या आणि कानाने तपासा. धड पत्रा खणखणीत वाजतो. खाल्लेल्या जागी आवाज भद्द येतो आणि हातोडीखाली तांबडा भुगा झडतो. तिथे जुना स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर द्या. टोक आत रुतलं तर ती जागा गेली. खडूने खूण करा आणि पुढे सरका. सगळीकडे ठोकून झालं की बहुतेक वेळा खुणा फायरबॉक्सच्या तळाशी आणि मांस शिजतं त्या मोठ्या नळकांड्याच्या सर्वांत खोलगट भागातच जमा झालेल्या दिसतात. बाकीचा गंज नुसता वरवरचा असतो.

एक अपवाद. स्मोकर जुन्या पिंपाचा बनवलेला असेल आणि त्या पिंपात आधी काय होतं हे कळायला मार्ग नसेल, तर तो स्वयंपाकाला वापरू नका. तिथे मी वाद घालणार नाही.

कामाला हात घालण्याआधी धुराड्यात आणि फायरबॉक्सच्या कोपऱ्यांत टॉर्च मारून बघा. गांधीलमाशा तिथे हमखास घर करतात. मग जाळ्या बाहेर काढा आणि आतली जुनी राख आणि चरबीचा राडा पटाशीने खरवडून पिशवीत भरा. हे आधी करायचं, कारण पुढची पायरी जाळ करण्याची आहे आणि चरबीचा थर तसाच ठेवला तर तो पेट घेतो. फायरबॉक्सचा तळ गेला असेल तर अर्थात आधी तो दुरुस्त करा. त्यानंतर धूर जायची वाट पूर्ण उघडी ठेवून चांगला तासभर मोठा जाळ करा. बुरशी, खवट वास, उरलीसुरली चरबी, सगळं जळून कोरडं पडतं. गार झालं की तारेच्या ब्रशने आतून घासून काढा. आतले काळे चकचकीत पापुद्रे म्हणजे जुना रंग नव्हे, तो धुराचा आणि चरबीचा जळका थर. सुटतोय तेवढाच काढा. घट्ट बसलेला काळा थर पत्र्याचं रक्षण करतो. लॉकहार्टला, ज्याला टेक्सासच्या विधानसभेने १९९९ मध्ये राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवलं, तिथल्या जुन्या दुकानांतल्या विटांच्या भट्ट्या आतून बघा. सगळ्या काळ्याकुट्ट आहेत, आणि त्यांना चकाकी आणायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

आतून रंग लावायचा नाही. गंज बदलणारं रसायनही आत नको. आत फक्त तेल. बिडाचा नवा तवा आपण तेल पाजून तयार करतो, अगदी तेच इथे करायचं आहे. पत्रा कोमट असताना कॅनोलाचं साधं तेल कापडाने चोळा आणि जादाचं पुसून घ्या. ओघळ राहिला की तो चिकट होऊन बसतो आणि पुढे सोलून निघतो. मग २५० ते ३०० फॅरनहाइटवर, म्हणजे १२० ते १५० सेल्सियसच्या आसपास, दोन-तीन तास तापवा. दुसऱ्यांदा करा. काही जण जवसाचं तेल वापरतात. वापरा, पण त्याचे बोळे चुरगळून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात बुडवूनच टाका.

आता तुमचं खरं दुखणं, फायरबॉक्सचा तळ. तो आगीने गेलेला नाही, राखेने गेलाय. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून धरतात. शेवटचा स्वयंपाक झाला, राख तशीच राहिली, पाऊस झाला, की तळावर महिनोन् महिने ओला लगदा बसून राहतो. वरचा पत्रा वाऱ्याने वाळतो. लगद्याखालचा वाळत नाही.

भोकाभोवतीचा पातळ झालेला भाग धड लोखंड लागेपर्यंत कापून टाका. भोक बोटाएवढं दिसलं तरी कापताना ते तळहाताएवढं होतं, त्याने हबकू नका. मग फायरबॉक्सच्या पत्र्याएवढ्याच जाडीच्या साध्या पोलादी प्लेटचं ठिगळ घ्या, चारही बाजूंनी इंचभर चढेल असं, आणि आतून बसवून कडेने सलग वेल्डिंग करून घ्या. रँचची फाटकं आणि ट्रेलर दुरुस्त करणारे वेल्डर तुमच्या भागात खूप आहेत. त्यातले बरेच ट्रकवर यंत्र घेऊन घरी येतात आणि स्मोकरचं काम आवडीने करतात. वेल्डिंग नकोच असेल तर स्टेनलेसच्या बोल्टांनी ठिगळ आवळा आणि फटीत भट्टीला लावतात ते फायर सिमेंट भरा. तात्पुरतं म्हणून हे चालतं.

ठिगळासाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र चुकूनही नको. दुकानात तो स्वस्त आणि चकचकीत मिळतो, म्हणून सांगतोय. जस्त ४२० सेल्सियसला वितळतं, आणि फायरबॉक्समधले निखारे त्याच्या खूप वर जातात. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला ठाऊक असतो. मुलामा दिलेले नट-वॉशरसुद्धा आगीजवळ नकोत. लाल सिलिकॉनची पेस्टही इथे टिकत नाही, तिची जागा झाकणाच्या फटीत.

तळ दुरुस्त झाला की लाकडं थेट त्यावर रचू नका. दोन-तीन इंच उंच पायांची जाड जाळी ठेवा. आगीला खालून हवा मिळते, धूर स्वच्छ येतो आणि नवा तळ निखाऱ्यांपासून वाचतो.

बाहेरचं काम सोपं पण घाणेरडं आहे. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावा, नंतर ८० नंबरचा सँडपेपर, शेवटी अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी रंग मारा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी पुन्हा तांबूस झालेलं असतं. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला साध्या कापडाऐवजी रेस्पिरेटर हवाच. रंग फार जुना वाटत असेल तर आधी शिशाची चाचणी करा. घरगुती रंगांतल्या शिशावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीचा रंग ग्राइंडरने उडवणं धोक्याचं आहे. उष्णता सोसणारा रंग घेताना डब्यावरचा आकडा वाचा. मोठ्या नळकांड्याला ६०० फॅरनहाइटचा पुरतो, फायरबॉक्सला १२०० चा लागतो. पातळ हात मारा, दोन-तीन. तोही फायरबॉक्सच्या सांध्याशी जळून पांढरट होतोच, म्हणून मी फायरबॉक्सला बाहेरूनही तेलच लावतो. रंग सोलला की आत गंज लपतो, तेलाचा हात पाच मिनिटांत पुन्हा मारता येतो.

जाळ्या बिडाच्या किंवा उघड्या लोखंडाच्या असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच वाळवून तेल लावा. एनॅमलचे टवके उडालेल्या असतील तर फेकून नव्या घ्या. ब्रशने घासल्यावर जाळी ओल्या फडक्याने पुसा आणि बोटांनी चाचपून बघा. ब्रशची सुटी तार अन्नातून पोटात गेल्याची प्रकरणं अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०१२ मध्ये नोंदवली होती. मुलं जेवणार आहेत, म्हणून एवढं नक्की करा.

झाकणावरच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका. काढून उकळत्या पाण्यात धरा; २१२ फॅरनहाइटच्या जवळपास दाखवत नसेल तर बदला.

आणि तुमच्या काळजीबद्दल: भिंतीवर उरलेला वरवरचा गंज विषारी नाही. अन्नाला लागणारी जाळी स्वच्छ हवी, आतून पापुद्रे झडायला नकोत आणि खवट वास गेलेला हवा. एवढं असेल तर निर्धास्त शिजवा. पहिल्यांदाच ब्रिस्केट, म्हणजे बीफच्या छातीचा मोठा तुकडा, लावू नका, ते महाग असतं आणि त्याला दहा-बारा तास आग सांभाळावी लागते. आधी कोंबडीच्या तंगड्या लावा. चरबी उडून आतला थर आणखी पक्का होतो. घरात शाकाहारी असतील तर भरताची वांगी ठेवा. पोस्ट ओकच्या किंवा पिकॅनच्या लाकडाच्या धुरातलं भरत माझ्या मते गॅसवरच्या भरतापेक्षा कितीतरी सरस लागतं.

दर वेळी दुसऱ्या दिवशी, निखारे पूर्ण विझल्याची खात्री करून, राख काढा. धुराड्यावर एक डबा उपडा घाला. ताडपत्री घालायची तर खालून वारा खेळेल अशी घाला, आणि स्मोकर गवतावरून उचलून फरशीवर आणा.

जाडी मोजलीत की आकडा आणि फायरबॉक्सच्या तळाचा फोटो इथे टाका. ठिगळ केवढं लागेल आणि वेल्डरला नेमकं काय सांगायचं, ते लिहितो.