जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट सकाळी नांगर उचलते, दुपारी अर्ध्यावर थांबते. पंप गेला का?

भाऊ, लगेच पंप बदलू नका, तो महागाचा आहे. आधी डीपस्टिकवर तेल पाहा. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळंच बदला. बदलताना तेल गाळणारी जाळी काढून डिझेलनं धुवा. मी जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा जाळीवर काळा चिकट गाळ बोटभर बसला होता आणि त्यात पितळेचा चुरा चमकत होता. जाळी चोंदली की पंप कण्हल्यासारखा आवाज करतो.

मग ही परीक्षा करा. तेल गरम असताना नांगर पूर्ण उचला, इंजिन बंद करा. नांगर भराभर खाली आला तर सिलिंडरच्या पिस्टनची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी रिंग) किंवा व्हॉल्व्ह गळतोय, पंपाचा दोष नाही. नांगर वर टिकून राहतो पण तेल गरम झाल्यावर लिफ्ट उचलतच नाही, तर पंप झिजलेला असण्याची शक्यता मोठी. तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून मागे सरकतं. आपल्याकडे उन्हाळवाही ४५ अंशांत चालते, म्हणून हे दुपारीच कळतं.

रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू मात्र अंदाजानं कसू नका, मिस्त्रीकडून प्रेशर गेज लावूनच तपासा. आणि उचललेल्या नांगराखाली हात घालू नका, आधी खाली ठोकळे लावा.