कल्याणच्या पुढं खोली घेताना

प्रश्न : माझ्या धाकट्याला विक्रोळीत नोकरी लागली आहे. नात्यातले एकजण आसनगावला स्वस्तात खोली देतायत, मित्र बदलापूरला बोलावतोय. दोन्ही गावं कल्याणच्या पुढचीच म्हणे. मग स्वस्तातली का घेऊ नये? पास कुठला काढावा?
– एक आई, परभणी

उत्तर : ताई, कल्याणला रूळ दोन अंगांना फुटतात. आपल्या देवगिरी-नंदीग्राम एक्स्प्रेसच्या वाटेवर लागतं ते आसनगाव, टिटवाळा. ही कसाऱ्याची बाजू. लातूर एक्स्प्रेसच्या वाटेवर बदलापूर, अंबरनाथ, ती कर्जतची. सीएसएमटीहून बदलापूर 68 किलोमीटर, आसनगाव 86. पण मी अंतराकडं नाही, गाड्यांकडं बघतो. बदलापूरहून स्वतंत्र लोकल सुटतात, वर कर्जत-खोपोलीच्या आहेतच. आसनगावकराला आसनगाव आणि कसारा, एवढ्याच. त्या बाजूला लोकल, मेल, मालगाड्या सगळ्या त्याच रुळांवर. मी गार्ड होतो. सिग्नलला थांबून पुढच्या मेलची वाट बघणं काय असतं ते ठाऊक आहे. माझं मत बदलापूर, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

आता विक्रोळी. तिथं फास्ट लोकल थांबत नाही. लेकरानं फास्टनं ठाण्यापर्यंत यावं आणि तिथं स्लो धरावी. बरेचजण फास्टनं घाटकोपरला जातात आणि एक स्टेशन मागं येतात. तसं करायचं असेल तर पास घाटकोपरपर्यंतचा काढायचा, विक्रोळीचा तिथं चालणार नाही. एक स्टेशन जास्त गेल्याचा दंड कमीत कमी 250 रुपये, वर भाडं वेगळं. टीसी ‘नवीन आहे’ हे ऐकून घेत नाही, आणि मी टीसीची बाजू घेतो.

सेकंड क्लासचा पास घेऊन फर्स्ट क्लासच्या डब्यात चढण्याचा घोटाळा आपल्याकडच्या पोरांचा नेहमीचा. डब्यावर तिरपे पट्टे म्हणजे फर्स्ट क्लास; ते बघून टाळायचं, गर्दी कमी दिसली म्हणून चढायचं नाही! परभणीला गाडी थांबते तशी लोकल थांबत नाही, अर्ध्या मिनिटात सुटते. त्यामुळं डबा कुठं येतो ते आधीच विचारून तिथं उभं राहावं.

संध्याकाळी ठाण्याच्या इंडिकेटरवर ‘बीएल’ म्हणजे बदलापूर, ‘एस’ म्हणजे कर्जत; दोन्ही चालतील. ‘एन’ कसाऱ्याची. तीत बसलाच तर कल्याणला उतरून गाडी बदलायची.