दिवसा काढलेला फोटो रात्रीचा कसा दाखवावा?

दिवसाचा फोटो नुसता काळोखा केल्याने रात्रीचा वाटत नाही, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग, विशेषतः लाल, नीट दिसत नाहीत. म्हणून एक्स्पोजर साधारण २ स्टॉप, म्हणजे उजेड सुमारे एक चतुर्थांश उरेल इतके, उतरवण्याबरोबरच रंगांची तीव्रताही कमी करावी आणि व्हाइट बॅलन्स (चित्र पिवळसर की निळसर दिसेल हे ठरवणारी सेटिंग) ३२०० केल्विनच्या आसपास आणून चित्राला निळसर झाक द्यावी. ती मात्र बेताचीच असावी. आकाश मास्क करून, म्हणजे फक्त तेवढा भाग निवडून, वेगळे गडद करावे. त्यानंतर एखाद्या खिडकीची काच निवडून तिच्यात पिवळसर उजेड भरावा आणि त्याची फिकट तिरीप खालच्या फरशीवरही उमटवावी. माझ्या मते रात्र खरी वाटू लागते ती इथेच. शक्यतो ढगाळ हवेतली रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो) घ्यावी, कारण उन्हाच्या ठळक सावल्या मागाहून सहजी पुसता येत नाहीत.